तुमच्या संग्रहातलं एक गाणं काढा, आणि ते तुमच्याकडे आलं कसं ते सांगा

कुकरची शिट्टी:

घराला रंग द्यायचाय म्हणून गेल्या रविवारी माळा रिकामा केला आणि बुटांच्या एका खोक्यात त्रेचाळीस कॅसेटी निघाल्या. हसूच आलं आधी, कारण 'अभंग तुकयाचे' खाली अॅबा, त्याखाली मेहदी हसन, मग सुलोचना चव्हाणांच्या लावण्या आणि एकीवर नुसतंच 'बारसं, आवाज खराब'. आमच्या घरात नक्की कुणाला काय आवडायचं हे त्या खोक्यावरून ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही.

त्यातली एक मात्र मला पाठ आहे. साठ मिनिटांची, वर बाबांच्या अक्षरात 'किशोरी, भूप. नीट ठेवणे.' शेजारच्या काकांच्या एलपीवरून उतरवून घेतलेली. आता एलपीची बाजू संपली तरी कॅसेटची पाचसहा मिनिटं उरतातच, तर तिथे बोनी एमचं 'रासपुतिन' भरलेलं. म्हणजे किशोरीताई आमोणकरांचं भूप रागातलं 'सहेला रे' संपतं, खट्ट आवाज येतो आणि लगेच ढणढण ढणढण. मी शाळेत असल्यापासून हे असंच ऐकलंय. कॉलेजात मैत्रिणीकडे 'सहेला रे' पहिल्यांदा सुटं ऐकलं आणि संपल्यावर मी तशीच वाट बघत बसले, कशाची ते मलाच कळेना. अजूनही भूप संपत आला की माझा पाय हलायला लागतो, भर मैफलीत, शेजारचे बघतात.

तर धागा त्यासाठी. सर्वोत्तम दहा वगैरे नकोत, ते भांडण आपण दर दिवाळीला भांडतो. संग्रहातलं एक गाणं काढायचं आणि ते कुठून आलं, कुणी दिलं, कुणाचं ढापलं ते सांगायचं. ढापलेली असतील तर जास्त बरं.

जुनी सुई:

ढापलेली नाहीत, सगळी पैसे मोजून. मी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या जमवतो, म्हणजे जमवायचो, आता गुडघे जमवू देत नाहीत. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो तिथे ८० सालच्या आसपास माझी फेरी ठरलेली असायची, नारायण पेठेतून चालत. भंगारवाल्याला तबकडीत रस नसायचा, तो गठ्ठा विकायचा, वरची बघून घ्यायचा गठ्ठा आणि खाली काय निघेल ते नशीब. एकदा वर ठार ओरखडलेली नाटकाची पदं आणि तळाशी हिराबाई बडोदेकरांचं 'उपवनी गात कोकिळा'. कडेचा टवका उडालेला, त्यामुळे सुरुवातीचे काही सूर गेलेलेच, सुई टवक्याच्या आत ठेवायची आणि हिराबाई मधूनच सुरू व्हायच्या, जणू आपण उशिरा पोचलो मैफलीला आणि दाराशी उभे राहिलो.

मग मी मूर्खपणा केला. धूळ काढायची म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. ७८ची तबकडी लाखेची असते, स्पिरिटात लाख विरघळते, डोळ्यांदेखत चकाकी गेली आणि काळा चिकटा बोळ्यावर आला. गाणं अजून वाजतं पण तेव्हापासून हिराबाईंच्या मागे कुणीतरी कांदा परततंय. नव्याने नादाला लागलेल्यांनो, कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मधला कागद भिजवायचा नाही, आणि ठेवताना उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या तर वजनाने तडकतात.

अजून एक मजा. फार जुन्या तबकड्यांत गाणं संपल्यावर गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव सांगते. गौहर जानचं 'माय नेम इज गौहर जान' तर प्रसिद्धच आहे, १९०२ मध्ये कलकत्त्यात तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. लोकांना तो तोरा वाटतो. पण मुद्रण इथे आणि तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या माणसाला कुठली बाई गातेय ते कळावं आणि लेबल बरोबर चिकटावं म्हणून ते नाव. तोराही असेल म्हणा. तीन-सव्वातीन मिनिटांत आख्खा राग बसवणाऱ्या बाईला तो शोभतो.

पेठेबाहेरची:

कांदा परततंय 😂 आमच्याकडच्या सगळ्याच तबकड्यांवर परततात.

ऑफबीट:

भूपाचा विषय निघालाच आहे तर माझं घ्या. नव्वदच्या दशकात कॅम्पाच्या मागच्या बाजूला एका वाड्यात वरच्या खोल्यांमध्ये आम्ही चार पोरं भाड्याने राहायचो, त्यातला एक सुदानचा होता. तेव्हा पुण्यात सुदानची, इराणची पोरं भरपूर शिकायला असायची. हा सहा फूट दोन इंच, स्वभावाने गाय, आणि त्याच्याकडे एक कॅसेट होती जी तो रोज संध्याकाळी लावायचाच. लेबल अरबी, त्यामुळे आम्हाला गाणं कुठलं ते कधी कळलं नाही, तो विचारलं की हसून नुसतं छातीवर हात ठेवायचा.

खाली मालकीणबाई, आम्ही आजीच म्हणायचो. भाड्याच्या बाबतीत हिटलर. एक दिवस जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, मला वाटलं आवाज कमी करा म्हणतायत, तर म्हणे, "अरे हा भूप कोण गातोय रे?" मी म्हणलं आजी तो सुदानचा आहे. "सुदानचा असू दे नाहीतर सासवडचा, गातोय भूप." आणि पायरीवर बसल्या ऐकत. पदराने वारा घेत.

मी तेव्हा हसलो. नंतर वाचन वाढलं तेव्हा कळलं की बाईंचा कान पक्का होता. सुदानचं गाणं मुख्यतः पाच सुरांचं असतं, आजूबाजूच्या अरबी देशांसारखं नाही. सा रे ग प ध, मध्यम नाही निषाद नाही. शेजारच्या इथिओपियातही तेच, तिथे तिझिता नावाचा एक प्रकार आहे, हुरहुर लावणारी जुन्या आठवणींची गाणी, त्याचा एक सुरांचा संच अगदी हेच पाच सूर. अर्थात भूप म्हणजे नुसते पाच सूर नव्हेत, चलन वेगळं, गंधारावर रेंगाळणं वेगळं, कोणी इथे येऊन मला शिकवू नका, आजींनीही शेवटी "पण ठेका भलताच आहे हो" असं म्हणून शेरा दिलाच होता.

जाताना त्याने कॅसेट आजींना दिली. मला नाही, आजींना. खूप वर्षांनी कुठेतरी तो आवाज कानावर आला आणि लगेच ओळखला, मोहम्मद वर्दी, सुदानमध्ये त्यांना फार मानतात, २०१२ मध्ये गेले. आता माझ्याकडे त्यांची ढीगभर गाणी आहेत पण जिन्यातलं ते नेमकं कोणतं हे मला अजून सापडलेलं नाही. वाडा पडला, तिथे आता सात मजली आहे.

कुकरची शिट्टी:

"सुदानचा असू दे नाहीतर सासवडचा" हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. रंग द्यायच्या आधी.

वाकडचा पूल:

माझा संग्रह म्हणजे गाडीतला पेनड्राइव्ह. त्यात मेटालिका, आयर्न मेडन, आणि आईने भरायला लावलेलं सगळंच्या सगळं गीतरामायण, छप्पन्न गाणी. आणि शफल चालू, बंद करायचं बटण खराब झालंय.

माहिती नसलेल्यांसाठी, गीतरामायण हे पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला रामनवमीपासून सुरू झालं, दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर. गदिमा लिहिणार, बाबूजी चाल लावणार. माझी आजी सांगते लोक रेडिओला हार घालायचे. आता इतक्या शिस्तीत एका ओळीत लावलेल्या रामकथेचं शफलवर काय होतं ते हिंजवडीला जाणाऱ्यांनी अनुभवलं पाहिजे. 'मज सांग लक्ष्मणा जाऊ कुठे' आधी वाजतं, म्हणजे सीतेला वनात सोडून झालेलं असतं, मग 'मास्टर ऑफ पपेट्स', आणि भूमकर चौकात 'स्वयंवर झाले सीतेचे'. एकदा तर मेट्रोच्या अर्धवट खांबांखाली पाऊण तास अडकलो होतो आणि लागलं 'सेतू बांधा रे सागरी'. शेजारच्या रिक्षावाल्याने काच खाली करायला लावली, म्हणाला दादा मोठा करा आवाज, ठेकेदाराला ऐकू जाऊ दे.

पण एक सांगतो, सिरियसली. 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' आमच्या घरी कोणी गेलं की लागायचं, त्यामुळे लहानपणी मला ते अजिबात आवडायचं नाही, पोटात गोळाच यायचा. गेल्या वर्षी नोकरी गेली त्या दिवशी बॉक्स घेऊन गाडीत बसलो, चावी फिरवली आणि तेच लागलं. वास्तविक हसायला पाहिजे होतं. पार्किंगमध्येच पूर्ण ऐकलं, मग पुढचं मेटालिका पण पूर्ण ऐकलं, मग घरी फोन केला.

वडा दोन:

इथे सवाईच्या आठवणी येणारच, तर मी आधीच लिहून टाकते, माझी जरा वेगळी आहे. मी सवाई कधी समोर बसून ऐकलेला नाही. आमचा स्टॉल असायचा.

सवाई गंधर्व संगीत महोत्सव रमणबागेत व्हायचा आणि अजून रात्र-रात्र चालायचा तेव्हाची गोष्ट. आई वडे तळायची, मामा पैसे घ्यायचा, मी बारा वर्षांची, बटाटे सोलायला. मधे कनातीचं कापड, त्यामुळे आम्हाला काही दिसायचं नाही, पण स्पीकरमुळे ऐकू सगळं यायचं. कोण गातंय ते आम्हाला गिऱ्हाईकांवरून कळायचं. गर्दी कमी झाली की मोठं माणूस बसलंय. एकदम पन्नास जण आले की समजायचं तरुण कलाकार लावलाय बिचारा. आई तर त्यावरून पीठ भिजवायची, "आता भीमसेन अण्णा बसलेत, तासभर कोणी फिरकत नाही, घोटभर चहा घे."

शेवटच्या दिवशी पहाटे अण्णांनी 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' घेतलं होतं. नामदेवांचा अभंग, राम फाटकांची चाल, हे सगळं मला नंतर समजलं, तेव्हा मला फक्त एवढं समजलं की आमची आई, जिच्या तोंडून आम्ही वर्षभर हिशोबाशिवाय काही ऐकलं नव्हतं, ती झारा हातात धरून पुटपुटत होती आणि घाणा करपला. पूर्ण घाणा. मामा काही बोलला नाही.

आणि सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावायचे, भैरवी, तीन मिनिटं असेल नसेल. तेवढ्या वेळात माणसं आहेत तिथे उभी राहायची. एक गृहस्थ आमच्या स्टॉलपुढे दहाची नोट पुढे करून तसेच उभे, आई नोट घेईना आणि ते हात मागे घेईनात. रेकॉर्ड संपली, ते म्हणाले "दोन द्या."

आता दहाला माइक बंद होतो, जागाही मुकुंदनगरची झाली. आईने स्टॉल कधीच सोडला. माझ्या फोनमध्ये तीर्थ विठ्ठल तीन वेगवेगळी आहेत, एकात पण तेलाचा आवाज नाही. (जुनी सुई काका, तुमच्या हिराबाई पाठवा, चालतील.)

जुनी सुई:

पाठवतो. पत्ता नको, लकडी पुलावर भेटू.

निळी पाखरं:

आमच्या घरात गाणं म्हणजे १४ एप्रिल. येरवड्याला वस्तीत स्टेज पडायचं, आणि मिरवणुकीच्या कडेला हातगाडीवर कॅसेटी. पप्पा दर वर्षी दोन घ्यायचे, एक भीमगीतांची आणि एक आईसाठी, विठ्ठलाची. आणि लहानपणी मला कळायचं नाही की दोन्हीवर फोटो एकाच माणसाचा का. प्रल्हाद शिंदे! 'पाऊले चालती पंढरीची वाट' पण तेच आणि भीमगीतं पण तेच आणि कव्वालीच्या मुकाबल्याला पण तेच बसणार. पप्पा म्हणायचे आवाजाला जात नसते, मम्मी म्हणायची पण कॅसेटला असते, कारण तिची कॅसेट आमच्या काही नातेवाईकांसमोर लावायची नाही असा अलिखित नियम होता.

माझं गाणं मात्र अण्णाभाऊंचं, 'माझी मैना गावावर राहिली'. विठ्ठल उमपांच्या आवाजातलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं गावाकडे राहिलेल्या बायकोचं गाणं आहे, दागिने काय, चाल काय, नुसतं वर्णन. मग मुंबई येते, गिरणी येते, आणि मग हळूच लक्षात येतं की मैना म्हणजे नुसती बायको नाही, संयुक्त महाराष्ट्रातून तुटून राहिलेला मुलूख पण आहे. मी नववीत होतो, अंगावर काटा आला होता. ही कॅसेट मी जुन्या बाजारात सेकंडहँड घेतली, आणि बाजारालगतच्या चौकाचं नाव बघा, शाहीर अमर शेख चौक. मैना ज्यांनी गावोगाव गाजवली त्या शाहिरांच्या नावाच्या चौकाशेजारी मला ती पाच रुपयांना मिळाली.

बाकी माझ्याकडे बॉब मार्ले सगळा आहे. त्याच्या 'रिडेम्पशन साँग' मध्ये मनाची गुलामी स्वतःच तोडा अशी जी ओळ आहे ती मुळात जमैकाचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या १९३७च्या भाषणातली. हे कळलं तेव्हा वामनदादा कर्डक आठवले. त्यांनीही हेच केलं ना, बाबासाहेबांची भाषणं वस्तीतल्या माणसाला पाठ होतील अशी गाण्यात बसवली, आणि स्वतः अक्षरं शिकले मोठेपणी. पोरगी विचारते पप्पा हे दोघं एकमेकांना ओळखायचे का.

आणि हो, लग्नात आनंद शिंदेंचा पोपट लागला तर मी पहिला नाचायला. उगाच सभ्य होऊ नका कोणी.

टिळक रोड ते डेक्कन:

छोटंसं. मी जपानी शिकते, पुण्यात शिकणारे पुष्कळ आहेत. पहिल्याच वर्षी सेन्सेईंनी वर्गात 'उए ओ मुइते आरुकोऽ' लावलं, क्यू साकामोतो. शीळ आहे मधे, सोपी चाल, सगळे डोलले. १९६३ ला हे अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं होतं, जपानी शब्दांसकट, फक्त नाव ठेवलं 'सुकियाकी', जो एक जेवणाचा पदार्थ आहे आणि गाण्यात त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे आपण 'भेटी लागी जीवा' परदेशात 'पिठलं' म्हणून विकल्यासारखं. अर्थ असा की डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालतो. परीक्षेत नापास झाले त्या दिवशी मी टिळक रोडवरून खरंच तसं चालून बघितलं. पुण्यात वर बघत चालता येत नाही. पाय मुरगळला.

हिशोबनीस:

'आधी बीज एकले' वरून आमच्याकडे दोन भावांत दीड महिना अबोला होता. आजोबा म्हणायचे तुकोबांचा अभंग आहे, धाकटे आजोबा म्हणायचे नाही. गाथा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, सापडेना, तरी आजोबा म्हणे तुमच्या प्रतीत नसेल. तो प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम' साठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला आहे, चाल केशवराव भोळ्यांची. धाकटे आजोबा बरोबर होते. पण देवापुढे म्हणायचं आजोबांनी सोडलं नाही, उलट त्या दिवसापासून मोठ्याने म्हणायला लागले.

करडी यादी:

माझ्याकडे सांगायला गाणं नाही. होती सहाशे, एका अॅपवर, बारा वर्षांची जमवलेली यादी, महिन्याचे पैसे भरून. एक दिवस उघडलं तर निम्मी करडी. दाबलं तरी वाजेनात. त्यांचा आणि कंपनीचा करार संपला म्हणे. नावं दिसतात फक्त, स्मशानातल्या पाट्यांसारखी. तुमच्या कांदा परतणाऱ्या तबकड्या बऱ्या हो.

कुकरची शिट्टी:

सगळ्यांना साष्टांग. माझ्याकडचं अपडेट. टेपरेकॉर्डर चालू होईना, आतला रबराचा पट्टा वितळून डांबर झाला होता. तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात पट्टा मिळाला, त्या माणसाने कॅसेट बघून "ताई फेल्ट निघालंय, एकदम लावू नका" म्हणत आतलं बोटभर पॅड पण बसवून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. लॅपटॉपला जोडून उतरवून घेतली. भूप स्वच्छ. सहेला रे, खट्ट, रासपुतिन, सगळं जागेवर.

बाबांना ऐकवलं. ते भूपभर डोळे मिटून होते, आणि खट्ट झाल्यावर डोळे उघडून चिडून म्हणाले, हे कोणी केलं? मी म्हणलं तुम्हीच ना, तुमचंच अक्षर आहे. तर म्हणे मी किशोरीच्या मागे हे लावेन का, वेड लागलंय का तुला.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाच मिनिटं रिकामी होती. कॅसेटला काय कमी पैसे पडले होते का."